‘मामा, बाजार पडला तरी यात पैसा मिळतो’

वाचकाचं पत्र : मी गोव्यातल्या डिचोलीचा, वय ६१. २०१२ पर्यंत माझे दोन ट्रक खाणीवर होते. खाणी बंद पडल्या तेव्हा दोन्ही ट्रक दारात उभे राहिले, हप्ते मात्र चालूच. मग हार्डवेअरचं दुकान टाकलं, ते आता मुलगा बघतो. यंदा वडिलोपार्जित भाट (बागायतीची जमीन) विकून माझ्या वाट्याला १४ लाख आले. भाचा पर्वरीला म्युच्युअल फंडाचं काम करतो. तो म्हणतो, ‘मामा, एफडी मोडा आणि लाँग-शॉर्ट फंडात १० लाख टाका. बाजार पडला तरी यात पैसा मिळतो.’ त्याने दिलेल्या कागदाचा फोटो सोबत पाठवतो. खाणींचा अनुभव घेतल्यापासून एकाच बाजूवर भरवसा ठेवायला मन धजत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी चालणारं हे प्रकरण मला पटतंय. पण बायको विचारते, मध्येच पैशांची गरज लागली तर काय? टाकू की नको?

उत्तर :

नमस्कार. आधी उत्तर, मग कारणं. टाकू नका. लाँग-शॉर्ट ही कल्पना वाईट आहे असं नाही. पण भाच्याने वर्णन केलाय तसा फंड त्याच्या दुकानात मिळतच नाही, आणि जो मिळतो तो १४ लाखवाल्या माणसाच्या मापाचा नाही.

तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून बघितला. निळी रेघ फंडाची, लाल रेघ निफ्टीची, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाची. मार्च २०२० मध्ये लाल रेघ सरळ खाली कोसळलीय आणि निळी जराशी वाकून पुन्हा वर निघालीय. बघणाऱ्याचा जीव त्या निळ्या रेघेवर जडावा अशीच मांडणी आहे. पण डाव्या टोकाला साल आहे २०१८, आणि अगदी तळाशी, फोटो ताणल्यावरच वाचता येईल अशा अक्षरांत ‘मॉडेल पोर्टफोलिओवर आधारित’ असं लिहिलंय. कंपनीचं नाव नाही, तारीख नाही.

१० लाखांपासून सुरू होणारे जे लाँग-शॉर्ट फंड भाचा विकतो, त्यांना सेबीने, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, नाव दिलंय ‘स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंड’, म्हणजे एसआयएफ. हा प्रकारच मुळी १ एप्रिल २०२५ पासून अस्तित्वात आला आणि पहिल्या योजना त्यानंतर बाजारात आल्या. मग २०१८ पासूनची रेघ आली कुठून? संगणकावर मागचे भाव घालून, ‘तेव्हा असं केलं असतं तर काय झालं असतं’ असा हिशेब करून. कोरोनात बाजार कधी पडला आणि कधी वर आला हे आज आपल्याला ठाऊक आहे. ते ठाऊक असताना नियम बसवले की रेघ सुंदरच येते. त्या कागदाचा फंडाच्या कामगिरीशी काही संबंध नाही, तेव्हा तो बाजूला ठेवा. फंड कंपनीने प्रसिद्ध केलेलं फॅक्टशीट (फंडाचा थोडक्यात तपशील देणारा कागद) आणि ‘इन्व्हेस्टमेंट स्ट्रॅटेजी इन्फर्मेशन डॉक्युमेंट’ भाच्याकडून मागून घ्या. दुसरं मोठं असतं, पण त्यातली तीन-चारच पानं तुमच्या कामाची आहेत.

आता शॉर्ट म्हणजे काय ते. लाँग तुम्हाला माहीत आहे : शेअर घ्यायचा, वर गेला की नफा. शॉर्ट उलटा. समजा मार्चमध्ये एकाने व्यापाऱ्याशी सौदा केला की मे महिन्यात काजूच्या बिया १३० रुपये किलोने देतो. बिया त्याच्याकडे नाहीत. मेमध्ये भाव ११० वर उतरला तर तो बाजारातून ११० ने घेऊन १३० ने देईल आणि किलोमागे २० सुटतील. भाव १६० वर गेला तर ३० रुपये खिशातून जातील. फंड हेच शेअरच्या फ्युचर्समध्ये करतो. ज्या कंपन्या चांगल्या वाटतात त्यांचे शेअर घेतो, ज्या वाईट वाटतात त्यांचे फ्युचर्स विकून ठेवतो. या सौद्याची मुदत महिन्यागणिक संपते, म्हणून सौदा पुढे ढकलत राहावं लागतं आणि दर वेळी थोडा खर्च होतो. शिवाय फ्युचर्स सगळ्या कंपन्यांचे नसतात. एक्स्चेंजवर हजारो कंपन्या आहेत, त्यांतल्या साधारण दोनशेच्या आसपास कंपन्यांचेच. म्हणजे मॅनेजरला एखादी छोटी कंपनी कितीही भंगार वाटली तरी तिला शॉर्ट करणं बहुतेक वेळा त्याच्या हातात नसतं.

एक फरक मात्र मनात पक्का ठेवा. घेतलेला शेअर फार तर शून्यावर येईल. विकून ठेवलेला शेअर किती वर जाईल याला छत नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये जगभरचे बाजार कोसळत होते, आणि फोक्सवॅगनचा शेअरही पडणार म्हणून अनेक हेज फंडांनी, म्हणजे बड्या गुंतवणूकदारांचा पैसा घेऊन असे दुहेरी सौदे करणाऱ्या खासगी फंडांनी, तो विकून ठेवला होता. एका रविवारी पोर्श या दुसऱ्या जर्मन मोटार कंपनीने जाहीर केलं की शेअर आणि ऑप्शन (पुढे शेअर मिळवण्याचे करार) मिळून कंपनीच्या ७४ टक्के हिश्श्यावर आमचा ताबा आहे. आणखी २० टक्के जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्याकडे होते. विकलेले शेअर परत घ्यायला बाजारात शेअरच उरले नाहीत. दोन दिवसांत भाव १,००० युरोच्या वर जाऊन आला. बाजार पडणार हा त्या लोकांचा अंदाज बरोबर होता, तरीही ते बुडाले.

भाच्याच्या वाक्याकडे येऊ. ‘बाजार पडला तरी पैसा मिळतो’ हे सेबीच्या नियमांतच बसत नाही. इक्विटी लाँग-शॉर्ट प्रकारच्या एसआयएफला किमान ८० टक्के पैसा शेअर आणि शेअरशी निगडित साधनांत ठेवावा लागतो, आणि दुसऱ्या कशाचं संरक्षण म्हणून न घेतलेले, निव्वळ मंदीचे सौदे २५ टक्क्यांच्या वर नेता येत नाहीत. म्हणजे मॅनेजरला बाजार पडणार अशी शंभर टक्के खात्री असली, तरी तो फंड उलटा फिरवू शकत नाही. फंड तेजीच्याच बाजूला राहतो, फक्त जरा कमी. भाचा खोटं बोलतोय असं मला म्हणायचं नाही, त्याला वरून जे शिकवलं ते तो तुम्हाला सांगतोय. पण एक विचारून बघा : एसआयएफ विकायला एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची डेरिव्हेटिव्हजवरची (फ्युचर्ससारख्या सौद्यांवरची) वेगळी परीक्षा पास व्हावी लागते, ती त्याने दिलीय का? दिली असेल तर या परिच्छेदातलं सगळं त्याला येतच असणार.

आता आकडे मांडू. समजा फंडाने तुमच्या १०० रुपयांतले ७५ शेअरमध्ये घातले आणि २५ चे, म्हणजे शेअरशीच निगडित, शॉर्ट सौदे केले. ७५ वजा २५, म्हणजे बाजाराच्या दिशेला तुमचे ५० रुपये उघडे. याला नेट एक्सपोजर म्हणतात. बाजार २० टक्के पडला आणि सगळे शेअर सारखेच पडले, तर लाँगवर १५ गेले, शॉर्टवर ५ आले, एकूण १० चं नुकसान. बाजार २० चढला तर १० चा फायदा. मग यात मॅनेजरने काय केलं? काहीच नाही. अर्धे पैसे निफ्टीच्या इंडेक्स फंडात (निफ्टीतलेच शेअर त्याच प्रमाणात घेणारा साधा फंड) आणि अर्धे एफडीत ठेवले असते तरी ढोबळमानाने हेच झालं असतं, वर एफडीचं व्याज मिळालं असतं. २० जानेवारी २०२० ला निफ्टी १२,४३० च्या शिखरावर होता आणि २४ मार्चला ७,५११ च्या तळाला. घसरण जवळपास ४० टक्के. त्या काळात ‘आमचा फंड फक्त २० टक्के पडला’ असं कुणी छाती फुगवून सांगितलं तर आधी विचारावं की बाबा, तुझं नेट एक्सपोजर किती होतं? ५० असेल तर त्यात कौतुक काही नाही. पुढच्या आर्थिक वर्षात निफ्टी ७१ टक्के चढला, तेव्हा तोच फंड निम्म्यावर राहिला असता.

मॅनेजरची अक्कल दिसते ती बाजार जागेवर असताना. समजा वर्षभर निफ्टी हललाच नाही. घेतलेले शेअर ८ टक्के वर गेले आणि विकून ठेवलेले ४ टक्के खाली आले. ७५ वर ६ मिळाले, २५ वर १ मिळाला, एकूण ७. हे खरं कमावलेलं, आणि फी द्यायची ती यासाठीच. आता तेच उलटं करा. घेतलेले ४ टक्के पडले, विकलेले ८ टक्के चढले. तीन गेले, दोन गेले. बाजार तिथेच, आणि तुमच्या १० लाखांचे साडेनऊ झाले. इंडेक्स फंडात असं होत नाही. तुम्हाला वाटतंय की दोन बाजू असल्या म्हणजे एक पडली तरी दुसरी सावरेल. सावरते, पण दोन्ही बाजू एकाच वेळी चुकायचा धोकाही त्यातच येतो, आणि दोन्हींचा निर्णय घेणारा माणूस एकच असतो.

एका मोठ्या पैजेची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतले नामांकित गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी २००८ ते २०१७ या दहा वर्षांसाठी पैज लावली. एका बाजूला अमेरिकेच्या एस अँड पी ५०० चा साधा इंडेक्स फंड, दुसऱ्या बाजूला हेज फंडांत पैसे गुंतवणारे पाच फंड. पहिल्याच वर्षी, २००८ मध्ये, इंडेक्स ३७ टक्के पडला. ते पाच फंड १६.५ ते ३०.१ टक्क्यांच्या दरम्यान पडले. तुमच्या कागदावरच्या निळ्या-लाल रेघांसारखंच दिसत असणार ते चित्र. पण दहा वर्षांनी इंडेक्स फंड एकूण १२५.८ टक्के वाढला होता, पाचांतला सर्वांत चांगला ८७.७ आणि सर्वांत वाईट २.८ टक्के. सांगायला हवं की ते सगळे निव्वळ लाँग-शॉर्ट नव्हते आणि त्यांच्यावर फीचे दोन थर होते. आपल्याकडच्या एसआयएफला खर्चाची मर्यादा म्युच्युअल फंडासारखीच आहे, तेवढा दिलासा. तरीही कागदावर पडझडीचं वर्ष दाखवून विकलेल्या मालाचा हिशेब चढत्या वर्षांतही मांडावा लागतो, हे त्या पैजेत स्वच्छ दिसतं.

हा प्रकार ज्याने सुरू केला त्याला मी मात्र मानते. आल्फ्रेड विन्स्लो जोन्स, शिक्षणाने समाजशास्त्रज्ञ, फॉर्च्युन मासिकात लिहायचा. १९४९ मध्ये त्याने एक लाख डॉलरवर फंड काढला, त्यातले ४० हजार त्याचे स्वतःचे. बाजार कुठे जाणार हे सांगता येत नाही, पण दोन कंपन्यांतली बरी कोणती हे सांगता येतं, इतकाच त्याचा दावा. मेहनताना नफ्याचे २० टक्के. १९६६ मध्ये त्याच्यावर त्याच मासिकात लेख आला आणि नकला करणाऱ्यांची रांग लागली. चढत्या बाजारात शॉर्ट सौदे नुसते पैसे खातात, म्हणून नवख्यांपैकी अनेकांनी ते कमी केले. १९६९-७० मध्ये बाजार उतरला तेव्हा ज्यासाठी फंड काढला तेच जवळ नव्हतं. तुमच्या फंडाबाबतही म्हणूनच बघायचं : दर महिन्याला शॉर्ट किती टक्के आहे? २५ ची परवानगी असून वर्षभर ५-६ वर असेल, तर तो नेहमीचाच इक्विटी फंड, फक्त प्रवेशफी १० लाख.

बायकोचा प्रश्न तुमच्यापेक्षा धारदार आहे. मध्येच पैसे लागले तर? दोन अडचणी आहेत. एक, या फंडांना पैसे परत देण्याआधी १५ कामकाजाच्या दिवसांपर्यंत आगाऊ सूचना मागायची मुभा आहे. कुठला फंड रोज पैसे देतो, कुठला आठवड्यातले ठरावीक दिवस, ते त्या मोठ्या दस्तऐवजात लिहिलेलं असतं. दुसरी अडचण मोठी. त्या कंपनीच्या एसआयएफमध्ये तुमच्या पॅनवर किमान १० लाख राहिलेच पाहिजेत. तुम्ही बरोबर १० टाकले आणि दवाखान्यासाठी २ काढले, तर खातं गोठतं, ३० दिवसांची नोटीस येते, आणि तेवढ्यात रक्कम पुन्हा १० वर नेली नाही तर उरलेले सगळे युनिट कंपनी आपोआप विकून टाकते. बाजार पडून रक्कम १० च्या खाली आली तर तो नियमभंग धरत नाहीत, पण मग काढायचे तर सगळेच काढायचे. १४ पैकी १० असे अडकवल्यावर हातात ४ राहतात. तुम्हाला खाणबंदीत जो चटका बसला तो उत्पन्न थांबल्याचा होता, आणि तेव्हा वेळेवर हाताशी येणारा पैसा लागतो. त्याबाबतीत हा फंड एफडीच्या जवळपासही येत नाही.

एफडीवरून आठवलं. भाचा एफडी मोडा म्हणतो ते सोडा, पण ती कुठे आहे ते बघा. गोव्यातल्या दोन अर्बन बँकांचे परवाने २०२० आणि २०२१ मध्ये रद्द झाले, ते तुमच्या ऐकण्यात असेलच. एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंतच विमा आहे, मुद्दल आणि व्याज धरून.

मग १४ लाखांचं काय करायचं? वर्षभराचा घरखर्च आणि आजारपणाचे म्हणून ३ लाख बँकेत. साठी ओलांडलेल्यांना पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, पाच वर्षांची, दर तिमाहीला व्याज हातात. एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के चालत आलाय, भरायच्या दिवशीचा खिडकीवर विचारून घ्या. तिथे ७ लाख. उरलेले ४ बाजारासाठी, आणि तेही एकदम नको. दोन्ही बाजूंनी चालणारं हवंच असेल तर भाच्याकडेच इक्विटी सेव्हिंग्ज किंवा बॅलन्स्ड अॅडव्हान्टेज फंड मिळतील. तेही शेअरचा काही भाग फ्युचर्सने झाकून ठेवतात, काही हजारांत सुरू होतात आणि लागतील तेवढे काढता येतात. त्यालाही कमिशन मिळेल, घरात वाकडं येणार नाही. तुमचे पैसे उद्या साठ-सत्तर लाख झाले आणि त्यांतले १० अडकले तरी झोप लागत असेल, तर लाँग-शॉर्टचा विचार जरूर करा. तोवर या फंडांचा खराखुरा इतिहासही तयार होईल.

आणि एक गोष्ट जी भाच्याने काढली नाही, बहुधा त्याच्या डोक्यातच आली नसावी. तुम्ही गोव्यातले. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर आपल्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, वडिलोपार्जितसुद्धा. भाटाच्या विक्रीखतावर तुमच्या शेजारी तिची सही घेतली असेल ती म्हणूनच. म्हणजे या १४ लाखांतले ७ तिचे. तुमच्या पॅनवर १० लाख टाकणं म्हणजे तिच्या वाट्यातले ३ लाख तिला न विचारता लावणं. आयकरातही हे चालतं : व्याज असो की भांडवली नफा, गोव्यातल्या अशा जोडप्याचं पगाराखेरीजचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरलं जातं, त्यामुळे शेअरच्या फंडांवर वर्षाला मिळणारी सव्वा लाखाची सूट दोघांना वेगवेगळी मिळू शकते. भाट विकल्याचा कर भरायचा राहिला असेल तर तोही असाच विभागून दाखवायचा. सीएकडे जाताना दोघं जा आणि विक्रीखत सोबत न्या. जमीन ग्रामीण शेतजमीन म्हणून धरली जाते का, हे तो बघेल. धरली गेली तर कर लागणारही नाही.

बायकोचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. साठ पूर्ण असेल तर पोस्टात दोन वेगळी खाती उघडा, साडेतीन-साडेतीन लाखांची. नसेल तर एक खातं तुमच्या नावाने, जोडीला तिचं नाव.